आधी गाणे, मग चित्र : विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओचे संकलन

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये सुरू झाली की सोलापुरात स्नेहसंमेलनांची तयारी सुरू होते, आणि अलीकडे त्या तयारीत नाटक व नृत्याबरोबर स्वतः रचलेल्या गाण्याचा व्हिडिओही असतो. कुणी शब्द लिहितो, कुणी चाल लावतो, एखाद्या छोट्या स्टुडिओत किंवा घराच्या खोलीत गाणे ध्वनिमुद्रित होते आणि दोन-तीन फोन व एक मागून आणलेला कॅमेरा यांवर चित्रीकरण होते. चित्रीकरण दोन रविवारी उरकते, संकलन मात्र दोन महिने रखडते. अशा गटांबरोबर बसून संकलन करून घेताना रखडण्याचे कारण मला बहुतेक वेळा एकच आढळले आहे : संकलकाने सर्वांत देखण्या शॉटपासून सुरुवात केलेली असते आणि मग त्या शॉटला गाण्यात जागा शोधत तो बसलेला असतो. म्युझिक व्हिडिओत लांबी, चढउतार, श्वास आणि सम (तालाच्या प्रत्येक चक्राची, म्हणजे आवर्तनाची, पहिली मात्रा) हे सर्व गाण्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी गाण्यापासून सुरू होते.

उदाहरण म्हणून एक गाणे गृहीत धरू. लांबी चार मिनिटे, ठेका केरव्याचा, लय मिनिटाला १०० मात्रांची. शब्द मराठी आहेत आणि दुसऱ्या अंतऱ्यात दोन ओळी तेलुगू आहेत, कारण गटातील दोन मुले सोलापूरच्या पूर्व भागातील आहेत आणि घरी तेलुगू बोलतात. चित्रीकरण सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, एका यंत्रमाग कारखान्यात आणि जानेवारीतील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत झाले आहे.

सॉफ्टवेअरविषयी फार बोलण्याची गरज नाही. दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती ३८४० बाय २१६० पिक्सेलपर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतची प्रत काढून देते, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामासाठी ती पुरून उरते. संगणक जुना असेल तर केडेनलाइव्ह हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून पाहावे. एकाच कॅमेऱ्याचे काम असेल तर फोनवरील ॲपही चालते. पण तीन कॅमेऱ्यांचे दहा टेक एकाखाली एक लावायचे असतील तर संगणकाला पर्याय नाही.

पहिली पायरी : गाण्याची अंतिम प्रत

चित्रीकरणाच्या आधी गाण्याचे मिक्सिंग पूर्ण झालेले असावे, आणि स्पीकरवर जी फाइल वाजवून कलाकारांनी ओठ हलवले तीच फाइल संकलनात वापरली जावी. चित्रीकरणानंतर संगीतकाराला लय थोडी वाढवावीशी वाटली किंवा मधल्या संगीताचे एक आवर्तन कमी करावेसे वाटले, तर ओठांचा एकही शॉट पुढे नीट बसत नाही. आवाजाची पातळी किंवा वाद्यांचा समतोल नंतर बदलता येतो, लांबी मात्र बदलता येत नाही. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ नमुनादराने घ्यावी, कारण व्हिडिओच्या कामात तोच दर रूढ आहे.

दुसरी पायरी : फाइली आणणे आणि जपणे

फोनमधील चित्रफिती केबलने किंवा कार्ड रीडरने संगणकावर उतरवाव्यात. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फीत दाबून लहान केलेली असते, आणि त्यात गेलेला तपशील पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाही. माझ्यासमोर बसलेल्या एका गटाने फोनमधील जागा भरली म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या होत्या आणि हातात फक्त अशा आलेल्या प्रती ठेवल्या होत्या. तलावावरचा त्यांचा संपूर्ण सकाळचा प्रकाश चौकोनी ठिपक्यांत गेला होता.

जागेचा हिशेब आधी करावा. सेकंदाला ५० मेगाबिट दराने चित्रित केलेली एक मिनिटाची फीत सुमारे ३७५ मेगाबाइट भरते, म्हणजे तासाभराचे चित्रीकरण साधारण २२.५ गिगाबाइट होते. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात आणि त्या एकाच घरात ठेवू नयेत. फाइलींना तारीख, ठिकाण, कॅमेरा आणि टेक या क्रमाने नावे द्यावीत. ही नावे रोमन लिपीत असलेली बरी, कारण काही सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात.

यानंतर फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (स्थिर चित्रे) घेतल्या जातात ते, तपासावा. अनेक फोन दर स्थिर ठेवत नाहीत; प्रकाश कमी झाला की सेकंदाला ३० ऐवजी २७-२८ फ्रेमही घेतात. असे फुटेज गाण्याच्या सुरुवातीला जुळते आणि अंतऱ्यापर्यंत सुटते. हँडब्रेकसारख्या विनामूल्य साधनातून ते स्थिर फ्रेमदराचे करून घ्यावे आणि त्यानंतरच प्रकल्पात आणावे. प्रकल्पाचा स्वतःचा फ्रेमदरही अगदी सुरुवातीला ठरवावा, कारण रिझॉल्व्हमध्ये फुटेज आत घेतल्यावर तो बदलता येत नाही. आपल्याकडे मी २५ फ्रेमचा दर सुचवतो. त्याचे कारण यंत्रमागाच्या भागात येईल.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही इथे विचार करावा लागतो. पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी लॅपटॉप तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग टाइमलाइन (शॉट क्रमाने मांडण्याची पट्टी) अडखळत चालू लागते. एप्रिल-मे महिन्यांत काम असेल तर १२८० बाय ७२० पिक्सेलच्या हलक्या प्रॉक्सी प्रती करून त्यांवर संकलन करावे, आणि प्रॉक्सी तयार करणे व अंतिम प्रत काढणे ही जड कामे रात्री लावावीत. आपोआप जतन होण्याची सोय दर पाच मिनिटांवर ठेवावी. वीज जाते तेव्हा त्याचे मोल कळते.

तिसरी पायरी : कागदावर गाणे मांडणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते निम्मे संकलन इथेच होते. आधी गणित पाहू. मिनिटाला १०० मात्रा म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदांची. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एका मात्रेला नेमक्या १५ फ्रेम येतात. केरव्याचे आवर्तन आठ मात्रांचे, म्हणून एक आवर्तन १२० फ्रेमचे, म्हणजे ४.८ सेकंदांचे. चार मिनिटांच्या गाण्यात अशी बरोबर ५० आवर्तने बसतात.

आता एका मोठ्या कागदावर ५० चौकोन आखावेत आणि गाणे ऐकत त्यांवर नावे घालावीत. आपल्या गाण्यात सुरुवातीचे संगीत ४ आवर्तने, ध्रुवपद ८, मधले संगीत ४, पहिला अंतरा ८, ध्रुवपद ४, पुन्हा मधले संगीत ४, दुसरा अंतरा ८, शेवटचे ध्रुवपद ८ आणि उतरता शेवट २ अशी मांडणी झाली. प्रत्येक चौकोनात त्या वेळी कानाला सर्वांत आधी काय लागते ते एका शब्दात लिहावे : आवाज, हलगी, बासरी, शांतता. त्याखाली डोळ्यांना काय दाखवायचे ते लिहावे. दुसऱ्या अंतऱ्यातील तेलुगू ओळी कारखान्यात घ्यायच्या, हलगी सुरू होते तिथे यात्रा येऊ द्यायची, शेवटच्या दोन आवर्तनांत फक्त तलावाचे पाणी ठेवायचे, असे निर्णय टाइमलाइनवर तासन्‌तास खर्च न करता कागदावर दहा मिनिटांत होतात. आणि जे चौकोन रिकामे राहतात, तिथे कोणते शॉट अजून घ्यायचे आहेत ते पुढच्या रविवारच्या आत कळते.

लय इतकी सोयीची नसेल तर मात्र नुसत्या गणितावर विसंबू नये. मिनिटाला ९६ मात्रा असतील तर एका मात्रेला १५.६२५ फ्रेम येतात. प्रत्येक वेळी १६ फ्रेम मोजत गेलो तर एका आवर्तनातच तीन फ्रेमची चूक साठते. तेव्हा गाणे टाइमलाइनवर ठेवून प्रत्येक समेवर कानाने आणि ध्वनिलहरीचा उंचवटा पाहून मार्कर लावावा. समेचे मार्कर एका रंगाचे, ओळींच्या सुरुवातीचे दुसऱ्या रंगाचे आणि गायकाच्या श्वासाचे तिसऱ्या रंगाचे ठेवावेत. श्वासांचे मार्कर पुढे फार उपयोगी पडतात.

चौथी पायरी : ओठ आणि आवाज जुळवणे

प्रत्येक कॅमेऱ्याने स्पीकरचा आवाज, भले तो खराब असेल, ध्वनिमुद्रित केलेला असतो. त्या आवाजाची लहर अंतिम गाण्याच्या लहरीशी जुळवण्याचे काम सॉफ्टवेअर स्वतः करते. जुळलेल्या क्लिपमधील कॅमेऱ्याचा आवाज बंद करावा. पुसू मात्र नये, कारण तपासणीसाठी तो लागतो.

या आपोआप जुळणीवर आंधळा विश्वास ठेवणे योग्य नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, आणि एका फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांत साधारण १४ मीटरच अंतर कापतो. तलावाच्या काठावर गायिका आणि स्पीकर एकत्र आहेत आणि कॅमेरा साठ मीटरवरून झूम करून पाहतो आहे असे समजू. कॅमेऱ्यापर्यंत आवाज चार फ्रेम उशिरा पोहोचतो, चित्र मात्र लगेच पोहोचते. सॉफ्टवेअर आवाजाला आवाज जुळवते आणि पडद्यावर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. असा शॉट हाताने चार फ्रेम उशिरा सरकवावा लागतो. कारखान्यात तर मागांच्या खडखडाटात गाण्याची लहर सापडतच नाही. तिथे जुळणी पूर्णपणे डोळ्यांनी करावी लागते.

डोळ्यांनी जुळवायची खात्रीची पद्धत शाळेतील वर्णमालेत आहे. प, ब, भ आणि म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ पूर्ण मिटावेच लागतात. ओळीत असा वर्ण शोधावा, ध्वनिलहरीत त्या वर्णानंतर आवाज फुटतो ती फ्रेम पाहावी, आणि चित्रात ओठ विलग होतात ती फ्रेम तिच्याशी जुळवावी. ‘आ’ किंवा ‘ओ’ यांवर जुळवायला गेलो तर तीन-चार फ्रेमची चूकही लक्षात येत नाही. ‘म’ वर एका फ्रेमचीही येते. तेलुगू ओळींनाही हीच पद्धत लागू पडते आणि त्यासाठी संकलकाला भाषा येण्याची गरज नाही. जुळणी टेकच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी तपासावी. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चूक असेल तर फ्रेमदराचा घोटाळा आहे असे समजावे : २९.९७ आणि ३० यांतील किंचित वाटणारा फरक चार मिनिटांत पाव सेकंदाच्या जवळ, म्हणजे सहा फ्रेमवर जातो.

पाचवी पायरी : गाणाऱ्या चेहऱ्याचा कणा

सर्व टेक जुळवून एकाखाली एक लावले की आधी फक्त गातानाच्या शॉटमधून संपूर्ण गाणे बांधावे. यात्रा नको, माग नको, कथा नको. प्रत्येक ओळीसाठी सर्वांत खरा वाटणारा टेक निवडावा. इथे ‘खरा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण सर्वांत स्वच्छ किंवा सर्वांत सुंदर टेक हा पुष्कळदा तो नसतो. सहाव्या टेकपर्यंत गायिका थकलेली असते आणि विरहाची ओळ तेव्हाच मनापासून येते. प्रकाश थोडा उतरलेला असला तरी तो टेक घ्यावा. प्रकाश नंतर सुधारता येतो.

हा चार मिनिटांचा कणा एकदा सलग पाहावा. तो कंटाळवाणा वाटला तरी हरकत नाही, पण प्रत्येक ओळ कुणाच्या तरी तोंडून येते आहे हे त्यातून पक्के होते. यानंतर इतर शॉट टाइमलाइनवरच्या वरच्या ट्रॅकवर (थरावर) ठेवत जावे. एखादा शॉट फसला तर तो काढला की खाली गाणारा चेहरा तयार असतो, आणि त्यामुळे काळी पोकळी भरण्यासाठी निरर्थक सूर्यास्त शोधत बसावे लागत नाही.

गटातील मैत्रीचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. आपला चेहरा किती वेळ दिसतो हे प्रत्येक जण मोजतो, आणि ते स्वाभाविक आहे. कागदावरच्या चौकोनांत कोणती ओळ कुणाची हे सर्वांसमोर ठरलेले असेल, तर संकलकावर पक्षपाताचा आरोप येत नाही.

सहावी पायरी : कट कुठे घ्यावा

नवशिका संकलक प्रत्येक मात्रेवर कट घेतो. पहिली पाच सेकंदे ते चमकदार वाटते आणि नंतर डोळे थकतात, कारण जे ठेका आधीच सांगतो आहे तेच चित्र पुन्हा सांगत असते. दर समेवर कट घेतला तर आपल्या गाण्यात पन्नास शॉट होतील. ते मोजमाप म्हणून ठीक आहे, पण तीन आवर्तनांनंतर प्रेक्षकाला पुढचा कट कधी येणार हे कळू लागते आणि तो पाहणे सोडतो. चांगला तबलावादक प्रत्येक मात्रेला सारखे वजन देत नाही, आणि संकलकानेही देऊ नये.

मी सम राखून ठेवतो ती ठिकाण बदलण्यासाठी. तलावावरून कारखान्यात जायचे असेल तर ते समेवर जावे, म्हणजे प्रेक्षकाला धक्का बसत नाही, पोहोचल्यासारखे वाटते. एकाच ठिकाणच्या शॉटमधले कट मात्र ओळीच्या अर्थाने आणि श्वासाने घ्यावेत. ओळ सुरू होण्याआधी गायक श्वास घेतो. तो श्वास नव्या शॉटच्या सुरुवातीला ठेवला तर ती व्यक्ती आता काही सांगणार आहे असे जाणवते. तोच श्वास कापून टाकला तर चेहरा बाहुलीसारखा बोलू लागतो. लांब स्वरावर कट घेण्याचा मोह आवरावा. स्वर जितका वेळ टिकतो तितका वेळ चेहऱ्यावर थांबणे हा गाणाऱ्याचा मान आहे.

ठेक्यावर घ्यायचाच असेल तो कट ध्वनिलहरीच्या उंचवट्याच्या एक-दोन फ्रेम आधी घेऊन पाहावा. नव्या चित्रात नजर स्थिरावायला क्षणभर लागतो, त्यामुळे नेमका ठोक्यावर घेतलेला कट पुष्कळदा उशिरा आल्यासारखा वाटतो. हालचालीच्या मध्ये घेतलेला कट लपतो : मान वळायला लागते तिथे पहिला शॉट सोडावा आणि वळणे पूर्ण होते ते दुसऱ्या शॉटमध्ये दाखवावे.

जलद कटांची जागा आपल्या गाण्यात एकच आहे, आणि ती म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधी हलगी कडाडते ती दोन आवर्तने. तिथे प्रत्येक मात्रेला एक असे सोळा शॉट, प्रत्येकी १५ फ्रेमचे, लावता येतील. ते उठून दिसावेत म्हणून त्यांच्या आधीचे एक पूर्ण आवर्तन एकाच शॉटवर थांबावे. गर्दीने भरलेल्या फ्रेमला १५ फ्रेमही कमी पडतात, म्हणून अशा मालिकेत एकच वस्तू दाखवणारे शॉट निवडावेत : हलगीवरची काडी, धोटा, पैंजण, डोळा. पांढऱ्या आणि काळ्या फ्रेम आलटून पालटून लखलखाट करणे टाळावे. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा होणारा लखलखाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीला झटका आणू शकतो, आणि स्नेहसंमेलनाच्या अंधाऱ्या सभागृहात मोठ्या पडद्यावर तो धोका अधिक असतो.

मंद गतीचे शॉट हवे असतील तर त्यांची तयारी चित्रीकरणातच करावी लागते. गाणे दुप्पट वेगाने वाजवून ५० फ्रेमच्या दराने चित्रित केले आणि टाइमलाइनवर वेग निम्मा केला, तर केस आणि ओढणी मंद हलतात आणि ओठ मात्र मूळ लयीशी जुळतात. २५ फ्रेमचा साधा शॉट ओढून मंद केला तर तो अडखळतो.

रफ कट, म्हणजे पहिले कच्चे संकलन, झाला की एकदा आवाज बंद करून पाहावा आणि एकदा डोळे मिटून ऐकावे. आवाजाशिवाय ज्या जागी चित्र गोंधळते त्या जागा लिहून घ्याव्यात. मग चित्रीकरणात नसलेल्या दोन व्यक्तींना ते दाखवावे. ‘कसे वाटले’ असे न विचारता ‘कुठे लक्ष उडाले’ असे विचारावे.

सातवी पायरी : माग, यात्रा आणि तलाव

यंत्रमागाच्या कारखान्यात बहुधा ट्यूबलाइट असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात. २५ फ्रेमच्या दराने प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर चार उजाळे येतात; ३० फ्रेमच्या दराने सव्वातीन-साडेतीन येतात आणि चित्र लपलपते. म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ही जोडी तिथे सुरक्षित आहे. लपलप येऊनच बसली असेल तर त्याच क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर एक फ्रेम पुढे सरकवून निम्मी पारदर्शक ठेवावी. हालचाल थोडी पुसट होते, पण लपलप कमी होते. स्थिर शॉटवर हा उपाय चांगला बसतो.

मागाचा ठोका मोठा मोहक असतो, परंतु त्याची लय गाण्याची लय नसते. धोट्याची ये-जा प्रत्येक मात्रेवर बसवण्यासाठी शॉटचा वेग थोडा वाढवावा किंवा कमी करावा, आणि तो त्या शॉटपुरताच ठेवावा. विणकराचा हात फ्रेममध्ये असेल तर वेग बदलू नये, कारण माणसाच्या हाताचा खोटा वेग लगेच ओळखू येतो. मागाचा खरा आवाज वेगळा मुद्रित केलेला असेल तर सुरुवातीच्या संगीताआधी दोन सेकंद तो ऐकवावा. चादरीच्या कारखान्याचे ते सर्वांत प्रामाणिक चित्र होते.

गड्ड्यातील नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक एका दिशेने पुढे जात असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शॉट घेतलेले असतील तर एकात काठ्या डावीकडून उजवीकडे जातात आणि दुसऱ्यात उलट. दोन्ही लागोपाठ ठेवले तर दोन मिरवणुका समोरासमोर येत असल्यासारखे दिसते. त्यांच्यामध्ये काठी समोरून येतानाचा किंवा वर पाहणाऱ्या मुलाचा शॉट ठेवावा. शॉट आरशासारखा उलटा करून दिशा बदलण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण मागच्या दुकानांच्या पाट्यांवरची मराठी, कन्नड आणि तेलुगू अक्षरे उलटी होतात आणि सोलापूरकर ते पहिल्या क्षणी पकडतात. श्रद्धेच्या विधींचे शॉट नाचाच्या कटांत गुंतवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना पूर्ण आवर्तन द्यावे किंवा ते घेऊच नयेत.

आठवी पायरी : रंग

कट पक्के झाल्याशिवाय रंगांना हात लावू नये. आधी प्रत्येक शॉटचा पांढरा रंग व उजळपणा दुरुस्त करावा, मग शेजारचे शॉट एकमेकांशी जुळवावेत आणि सर्वांत शेवटी संपूर्ण गाण्याला एक छटा द्यावी. तयार छटा आधी लावली की प्रत्येक शॉट वेगळ्याच रंगात जातो. नजर फसते, म्हणून चित्राचा उजळपणा दाखवणारा वेव्हफॉर्म आलेख उघडा ठेवावा. यात्रेतील पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) ही उत्तम कसोटी आहे : जानेवारीच्या उन्हात ती सहज जळते, आणि आलेखाच्या माथ्याला टेकून सपाट झालेल्या भागात कापडाच्या चुण्या परत आणता येत नाहीत. असा शॉट सोडून सावलीतला घ्यावा. चेहऱ्यांबाबत एक कळकळीची विनंती आहे. आपल्या मुलामुलींचे सावळे वर्ण उजळ करण्याचा प्रयत्न करू नये. चेहरा आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा फरक ठेवला की सावळा चेहरा सुंदरच दिसतो.

नववी पायरी : अक्षरे

गाण्याचे बोल आणि नामावली यांत मराठीची जितकी हेळसांड होते तितकी इतर कुठे होत नाही. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) यांसारखे, मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट वापरावेत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो. सर्व नावे भरण्याआधी ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘वाऱ्याची’, ‘शक्ती’ हे तीन शब्द टाइप करून पाहावेत. जोडाक्षर सुटत असेल, ‘ऱ्य’ मधील अर्ध्या ‘र’ ची जागा चुकत असेल किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर जात असेल, तर सॉफ्टवेअरच्या पसंतींत भारतीय लिप्यांसाठीचे टेक्स्ट इंजिन निवडावे. तशी सोय नसेल तर इतरत्र तयार केलेले पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र आणून लावावे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, तीही पाहावीत. तेलुगू ओळींसाठी तेलुगूचाच फॉन्ट घ्यावा आणि त्या ओळी भाषा येणाऱ्या घरच्या माणसाकडून वाचून घ्याव्यात. अक्षरे कडांपासून निदान पाच टक्के आत ठेवावीत.

दहावी पायरी : परवानग्या

गाणे स्वतःचे असेल तर प्रश्न थोडा आहे, पण कवी, संगीतकार, गायक आणि वादक यांची लेखी संमती घ्यावीच. दुसऱ्याचे गाणे वापरायचे असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द व चालीचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात. खाली श्रेय लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा तिथले शॉट टाइमलाइनवर घेण्याआधी परवानगीचा कागद हातात असावा. कारखान्यात मालकाबरोबरच ज्या कामगाराचा चेहरा दिसतो त्यालाही विचारावे, आणि लहान मुले असतील तर पालकांना.

अकरावी पायरी : प्रती काढणे

यूट्यूबसाठी एच.२६४ प्रकारातील एमपी४ फाइल, १९२० बाय १०८० पिक्सेल, २५ फ्रेम या मापाने काढावी. या मापासाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिटची शिफारस करते. मी १५-१६ देतो, कारण तिथे ती फाइल पुन्हा दाबली जाते आणि मूळ प्रत जितकी समृद्ध तितके कमी बिघडते. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३८४ किलोबिट. यूट्यूब मोठे आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा एकूण मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास खाली आणते, त्यामुळे गाणे त्याहून कर्कश करून काही लाभ नाही. सर्वोच्च बिंदू उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावा. सभागृहासाठी वेगळी, अधिक बिटदराची प्रत काढावी आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच संगणकावर, त्याच प्रोजेक्टरवर ती चालवून पाहावी. प्रोजेक्टरवर गडद भाग आणखी गडद होतो, म्हणून कारखान्यातले शॉट तिथे विशेष पाहावेत. मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही.

उभ्या पडद्यासाठीची प्रत मूळ प्रत मधोमध कापून काढू नये. प्रत्येक शॉटमध्ये चेहरा कुठे आहे ते पाहून चौकट हाताने सरकवावी आणि बोल खालच्या बटणांच्या वर घ्यावेत. शेवटी अक्षरांविना एक प्रत, गाण्याची वेव्ह फाइल, वापरलेले फॉन्ट, प्रकल्पाची फाइल आणि सर्व संमतीपत्रांची छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक महाविद्यालयाकडे द्यावी आणि दुसरी गटातील ज्याच्या घरी कोरडे, थंड कपाट आहे त्याच्याकडे ठेवावी.